नैसर्गिक शेती : चार आधार, खर्च आणि नत्राचा हिशेब

रासायनिक खते व कीटकनाशके विकत न घेता, गावात मिळणारे शेण, गोमूत्र, पालापाचोळा आणि मिश्र पिके यांच्या आधारे केली जाणारी शेती आज ‘नैसर्गिक शेती’ या नावाने ओळखली जाते. काही वर्षांपूर्वीपर्यंत हिचे प्रचलित नाव ‘शून्य खर्चाची नैसर्गिक शेती’ असे होते. खते, औषधे, बियाणे आणि मजुरी यांचा वाढता खर्च व त्यापायी होणारे कर्ज यांनी गांजलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला या नावाने आशा दाखविली. या पद्धतीत नेमके काय करतात, तिच्यामुळे कोणता खर्च वाचतो, कोणता वाचत नाही आणि पिकाला लागणारे अन्न तिच्यात येते कोठून, या प्रश्नांची उत्तरे ती स्वीकारण्यापूर्वी माहीत असणे आवश्यक आहे.

उगम आणि पूर्वपीठिका

या पद्धतीचे प्रवर्तक सुभाष पाळेकर यांचा जन्म १९४९ साली अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथे झाला. नागपूर येथे कृषी शिक्षण घेतल्यानंतर ते गावी परतले आणि प्रारंभीची काही वर्षे त्यांनी रासायनिक शेतीच केली. उत्पादन प्रथम वाढले, पुढे घटू लागले. जंगलातील झाडे खतपाण्यावाचून कशी फळतात, या प्रश्नाचा मागोवा घेत त्यांनी स्वतःच्या शेतावर प्रयोग केले व त्यांतून आपली पद्धती मांडली. शिबिरांच्या द्वारे ती विदर्भाबाहेर पसरली. कर्नाटकात रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी तिला विशेष उचलून धरले. २०१६ साली पाळेकर यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

‘शून्य खर्च’ या शब्दप्रयोगाचा मूळ अर्थ अनेकदा निसटतो. शेतीला एक पैसाही लागत नाही, असा तो अर्थ नव्हे. मुख्य पिकाचा उत्पादनखर्च आंतरपिकाच्या उत्पन्नातून भरून निघावा आणि मुख्य पिकाचे उत्पन्न निव्वळ नफा म्हणून उरावे, ही त्यामागील कल्पना. पुढे या नावाने गैरसमज वाढू लागल्याने ते मागे पडले व ‘सुभाष पाळेकर नैसर्गिक शेती’ किंवा नुसते ‘नैसर्गिक शेती’ हे नाव रूढ झाले.

निविष्ठा विकत न घेता जमीन कसण्याचा विचार मात्र पाळेकरांहून जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात इंदूरला मानाचे स्थान आहे. १९२४ साली इंदूर येथे स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ते ठरावीक अंतराने उलटून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. जगभर ती ‘इंदूर पद्धती’ म्हणून ओळखली गेली. १९३१ साली तिच्यावर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. भारतीय शेतकरी आणि पिकांवरील किडी या दोहोंना हॉवर्ड आपले गुरू मानीत. पुढे जपानमध्ये मासानोबू फुकुओका यांनी नांगरणी व खत दोन्ही वर्ज्य करणारी शेती केली. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून सूर्यप्रकाश व जैवभार यांचा हिशेब शेतकऱ्यांना शिकविला. पाळेकरांची पद्धती या परंपरेतील असली, तरी एका बाबतीत वेगळी आहे. सेंद्रिय शेतीत एकरी गाड्यांनी शेणखत किंवा गांडूळखत घालावे लागते. पाळेकरांच्या मते थोडेसे शेण पुरेसे आहे, कारण ते खत म्हणून वापरायचे नसून जिवाणूंचे बीज म्हणून वापरायचे आहे.

चार आधार

ही पद्धती बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा या चार गोष्टींवर उभी आहे.

बीजामृत हा बीजसंस्कार होय. २० लिटर पाण्यात ५ किलो शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना आणि बांधावरची मूठभर माती मिसळून रात्रभर ठेवतात व सकाळी ते बियाण्यास चोळून बियाणे सावलीत सुकवितात. रोपांची मुळेही लावणीपूर्वी त्यात बुडवितात. बियाण्यातून व मातीतून येणाऱ्या बुरशीजन्य रोगांपासून कोवळ्या रोपाचे रक्षण व्हावे, हा हेतू.

जीवामृत हे या शेतीचे सर्वांत प्रसिद्ध अंग. एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन किंवा अन्य डाळीचे पीठ आणि रसायनांचा स्पर्श न झालेल्या बांधावरची मूठभर माती घालतात. पिंप सावलीत ठेवून, तोंडावर गोणपाट झाकून मिश्रण दिवसातून दोन वेळा काठीने ढवळतात. दोन दिवसांत ते आंबते व आठवडाभराच्या आत वापरून टाकावे लागते. महिन्यातून एक-दोन वेळा पाटपाण्याबरोबर किंवा ओल असताना ते जमिनीवर देतात. धातूचे पिंप टाळून प्लॅस्टिकचे किंवा सिमेंटचे भांडे घेतात. हेच घटक अत्यल्प पाण्यात कालवून, वाळवून साठविले की घनजीवामृत होते. पाण्याची टंचाई असलेल्या कोरडवाहू शेतीत ते पेरणीच्या वेळी देता येते.

आच्छादन तीन प्रकारचे असते. वरवरच्या मशागतीने मातीचाच भुसभुशीत थर राखणे हा पहिला, काड, पाचट व पालापाचोळा पसरणे हा दुसरा आणि मुख्य पिकाच्या ओळींत चवळी, मूग, उडीद यांसारखी पिके घेऊन जमीन हिरवी झाकणे हा तिसरा. आच्छादनाने ओल टिकते, उन्हाचा ताप व पावसाचा मार कमी होतो, तण दबते आणि कुजल्यावर जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो.

वाफसा हा शब्द मराठी शेतकऱ्याला नव्याने शिकवावा लागत नाही. पावसानंतर जमीन पेरणीजोगी होते, पायाला चिकटत नाही आणि कोरडीही वाटत नाही, त्या अवस्थेला तो पिढ्यान्पिढ्या वाफसा म्हणत आला आहे. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा आणि ओलावा दोन्ही असणे, हा त्याचा शास्त्रीय अर्थ. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून पाणी बुंध्याशी न देता झाडाच्या दुपारच्या सावलीच्या कडेबाहेर द्यावे, असे ही पद्धती सांगते. पाण्याची मोठी बचत होते ती येथे.

कीडनियंत्रण आणि घ्यावयाची काळजी

किडींसाठी निमास्त्र, अग्निअस्त्र, ब्रह्मास्त्र, दशपर्णी अर्क अशी नावे असलेले काढे वापरतात. निमास्त्रात कडुनिंबाचा पाला किंवा निंबोळ्या, गोमूत्र व शेण असते आणि ते रसशोषक किडींवर फवारतात. अग्निअस्त्रात तंबाखू, तिखट मिरची, लसूण व कडुनिंब गोमूत्रात उकळतात. दशपर्णी अर्कात घाणेरी, करंज, सीताफळ, रुई, कण्हेर, धोतरा अशा पाल्यांचा समावेश असतो.

घरी केलेले औषध निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. कण्हेर व धोतरा विषारी आहेत. तंबाखूतील निकोटिन माणसाला घातक आहे आणि परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांनाही मारते. असे अर्क करताना व फवारताना हातमोजे आणि तोंडावर फडके हवे, भांडी स्वयंपाकाची नसावीत आणि फुलोऱ्यात फवारणी टाळावी. जीवामृतात कच्चे शेण असल्याने कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, कोथिंबीर, काकडी, टोमॅटो यांवर काढणीच्या सुमारास ते फवारू नये; शेणातील रोगजंतू पानांवर राहू शकतात.

नत्राचा हिशेब

या पद्धतीविषयीच्या वादाचे मूळ एका साध्या बेरजेत आहे. ताज्या शेणात अर्ध्या टक्क्याहून कमी, गोमूत्रात एक टक्क्याच्या आसपास आणि बेसनात साडेतीन टक्के नत्र असते. त्या हिशेबाने २०० लिटर जीवामृतात सारे मिळून सुमारे २०० ग्रॅम नत्र भरते. चार महिन्यांच्या पिकाला महिन्यातून दोनदा दिले, तरी ते दीड किलोच्या थोडेच पुढे जाते. भाताचे एक टन धान्य व त्याबरोबरचे पेंढे जमिनीतून सुमारे १५ ते २० किलो नत्र उचलते. एकरी १५ क्विंटल भात घेणाऱ्या शेताला म्हणजे २२ ते ३० किलो नत्र कोठून तरी मिळायला हवे. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. तेवढे जीवामृतातून द्यायचे तर शंभर वेळा द्यावे लागेल. युरियातील नत्रापैकी भाताला निम्म्याहूनही कमी मिळते व उरलेले हवेत आणि पाण्यात जाते, हे खरे आहे. तथापि ही तूट धरूनही अंतर फार मोठे राहते.

याचा अर्थ जीवामृत निरुपयोगी आहे, असा होत नाही. त्याचे काम विरजणाचे आहे. विरजण चांगले असले की दही चांगले लागते. परंतु दूधच नसेल, तर विरजणाने काहीही साधत नाही. या शेतीतील दूध म्हणजे जमिनीतील सेंद्रिय पदार्थ, आच्छादन आणि द्विदल पिकांनी हवेतून बांधलेले नत्र.

पहिला साठा जमिनीचा. अर्धा टक्का सेंद्रिय कर्ब असलेल्या एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे ४०० किलो नत्र असते, पण ते सेंद्रिय रूपात बांधलेले असते व वर्षाला त्यातील एक ते तीन टक्केच पिकाला मोकळे होते. जिवाणूंची हालचाल वाढली की हा वेग काहीसा वाढतो. तथापि भर न घालता केवळ वेग वाढविणे म्हणजे ठेवीतून पैसे काढत राहणे होय. पहिल्या एक-दोन वर्षांत पीक जोमदार दिसावे आणि नंतर घटावे, असे काही शेतांवर घडू शकते ते याच कारणाने.

खरी भर द्विदल पिके घालतात. त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला देतात. ताग किंवा धैंचा ४५ ते ५० दिवसांचा असताना जमिनीत गाडला, तर एकरी २० किलोंहून अधिक नत्र मिळू शकते. गिरिपुष्पाच्या वाळलेल्या पाल्यात सुमारे ३ टक्के नत्र असते. म्हणजे एक टन ओल्या पाल्यातून ६ ते ८ किलो. कोकणातील चारसूत्री भातलागवडीत गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडण्याची शिफारस आहे, ती याच जोरावर. ज्या शेतात जीवामृत आहे पण द्विदल आंतरपीक, हिरवळीचे खत व आच्छादन नाही, तेथे विरजण आहे आणि दूध नाही.

संशोधन काय सांगते

२०१९ साली केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात शून्य खर्च शेतीचा उल्लेख झाल्यानंतर राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने उघडपणे हरकत घेतली. पुरेशा प्रयोगांवाचून ही पद्धती देशभर लागू केल्यास धान्योत्पादन धोक्यात येईल, असे तिचे म्हणणे होते. २०२० साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने नत्राचा हिशेब मांडून दाखविला. या पद्धतीतून मिळू शकणारे नत्र देशातील सरासरी खतवापराच्या फार तर ५२ ते ८० टक्के भरते. म्हणून आधीच कमी खत वापरणाऱ्या शेतकऱ्याला तिचा लाभ होईल, तर भरपूर खत वापरणाऱ्या बागायतदाराचे उत्पादन घटण्याचा संभव आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. याउलट ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी आंध्रातील शेतांवर केलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत नैसर्गिक शेतीचे उत्पादन कमी आढळले नाही; आच्छादनामुळे जमिनीचे तापमान व ओल सुधारल्याचे श्रेय त्यांनी दिले. हे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटले, तरी एकाच दिशेने बोट दाखवितात. जमीन कोणती, पूर्वी किती खत पडत होते आणि आच्छादन व द्विदल पिके खरोखर घेतली का, यावर फलित अवलंबून असते. देशी गायीच्याच शेणात विशेष गुण असल्याचा दावाही वादग्रस्त आहे. म्हैस किंवा संकरित गाय असलेल्या शेतकऱ्याने केवळ त्यापायी माघार घेण्याचे कारण नाही.

सरकारी कार्यक्रम

सर्वांत मोठा प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. २०१५-१६ मध्ये रयतु साधिकार संस्थेमार्फत सुरू झालेल्या या कार्यक्रमात महिला बचतगट आणि अनुभवी शेतकरी हेच शिक्षक झाले. पावसाळ्यापूर्वी कोरड्या जमिनीत धान्य, डाळी, तेलबिया व भाज्या यांचे मिश्र बियाणे पेरून जमीन वर्षभर हिरवी ठेवणे, ही पाळेकरांच्या चार आधारांत तेथे पडलेली महत्त्वाची भर. २०२४ पर्यंत राज्यातील ६० लाख शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट गाठता आले नाही. तरीही त्या वर्षीच्या गुल्बेन्कियन मानवता पुरस्काराच्या तीन मानकऱ्यांत हा कार्यक्रम होता. हिमाचल प्रदेशाने २०१८ साली स्वतंत्र योजना आणली, तर गुजरातने २०२१ साली डांग जिल्हा पूर्णतः नैसर्गिक शेतीचा घोषित केला. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली. २,४८१ कोटी रुपयांच्या या अभियानात १५ हजार गटांच्या द्वारे साडेसात लाख हेक्टर क्षेत्र व एक कोटी शेतकरी यांचे लक्ष्य असून जीवामृतासारख्या निविष्ठा तयार मिळण्यासाठी १० हजार केंद्रांची तरतूद आहे.

श्रीलंकेचे उदाहरण नेमके उलट आहे. २०२१ च्या मे महिन्यात तेथे रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली. पर्यायी खत नव्हते, शिक्षण नव्हते, वेळही नव्हता. नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली, पण तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता आणि देशाला तांदूळ आयात करावा लागला. आंध्रात शेतकरी स्वेच्छेने, जमिनीचा एकेक तुकडा घेऊन वळला. श्रीलंकेत सारा देश एका आदेशाने वळविण्यात आला.

प्रदेशाप्रमाणे उपयोग

गोव्यात या विचाराचे मूळ रूप कुळागरांत दिसते. माड, पोफळ, केळ, मिरी, जायफळ व अननस यांची मजल्यांवर मजले चढविलेली लागवड, पडलेल्या झावळ्यांचे आच्छादन आणि झऱ्याचे पाणी ही रचना नैसर्गिक शेतीच्या तत्त्वांशी तंतोतंत जुळते. भातशेतीत गोष्ट वेगळी आहे. पावसात पाणी तुंबणाऱ्या सरद भातात आच्छादन व वाफसा हे दोन आधार लागू होत नाहीत. तेथे भातानंतर उरलेल्या ओलीवर अळसांदे किंवा कुळीथ घेण्याची जुनी रीत आणि चिखलणीतील गिरिपुष्पाचा पाला यांवरच भिस्त ठेवावी लागते. भातानंतर जमीन पडीक राहते, तेव्हा हे नत्रही बुडते. जांभ्या मातीच्या आम्लतेमुळे स्फुरद अडकून राहते, म्हणून मातीपरीक्षणाला पर्याय नाही. खाजनात भरतीबरोबर येणारा गाळ व खारे पाणी सोसणारा कोरगुट भात ही वेगळीच निविष्ठामुक्त परंपरा आहे. तिला जीवामृताहून बांध आणि मानशीची देखभाल अधिक गरजेची आहे.

बेळगाव भागात ऊस हे नत्राचे खादाड पीक आहे. तेथे पाचट न जाळता सरीत पसरणे आणि उसात आंतरपीक म्हणून द्विदल घेणे ही पहिली पायरी होऊ शकते. संपूर्ण ऊस एकदम खताविना करणे जोखमीचे ठरेल. माळव्यात सोयाबीन द्विदल असले, तरी बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्याबरोबर बाजारात जातो. शिवाय गव्हाची खुंटे जाळल्याने आच्छादनाचा कच्चा मालच नष्ट होतो. हैदराबादच्या पश्चिमेस जहिराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या महिलांनी ज्वारी, बाजरी, तूर, कुळीथ अशा मिश्र पिकांनी व स्वतःच्या बियाण्यांनी पडीक माळ पिकते केले आहेत. जीवामृताचे नाव न घेताही नत्राचा प्रश्न कसा सुटतो, हे तेथे पाहता येते.

सुरुवात कशी करावी

पहिल्या वर्षी एकूण जमिनीच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक क्षेत्र वळवू नये. कोरडवाहू तुकडा, फळबाग किंवा परसातील भाजी यांपासून आरंभ करावा. प्रथम मातीपरीक्षण करून सेंद्रिय कर्बाचा आकडा लिहून ठेवावा व तीन वर्षांनी तो पुन्हा तपासावा. मुख्य पिकापूर्वी ताग, धैंचा किंवा मिश्र बियाणे पेरावे, बांधावर गिरिपुष्प लावावे आणि शेतातील काडी जाळणे पूर्ण थांबवावे. जीवामृत या तयारीनंतर द्यावे. हिशेबाच्या वहीत दोन्ही तुकड्यांचा खर्च वेगळा मांडावा आणि त्यात घरच्या माणसांची मजुरी व जनावराचा चारा धरावा. शेण गोळा करणे, मिश्रण ढवळणे, पाला तोडणे व तण काढणे ही कामे बहुधा घरातील स्त्रियांवर पडतात. ती वहीत न आल्यामुळेच खर्च ‘शून्य’ दिसतो.

विक्रीसाठी सहभागी हमी पद्धतीचे प्रमाणपत्र गटाने घेता येते. त्यात गटातील शेतकरी एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात, त्यामुळे एकट्याने प्रमाणपत्र घेण्यापेक्षा खर्च कमी येतो. संक्रमणाच्या पहिल्या वर्षांत चढा भाव मिळेलच असे नाही. म्हणून त्या काळात खतऔषधांवरील वाचलेला पैसा हाच नफा समजावा.

नैसर्गिक शेतीची खात्रीची बाजू खर्च व कर्ज कमी करण्याची आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब परत आणण्याची आहे. उत्पादनाची बाजू मात्र प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या शेतावर मिळवावी लागते. ज्याच्या बांधावर गिरिपुष्प आहे, रानात द्विदल आहे आणि जमीन उन्हाळ्यातही उघडी पडत नाही, त्याला ही पद्धती साथ देते. केवळ पिंपातील जीवामृतावर विसंबून खताची गोणी बंद करणाऱ्याने मात्र दोन-तीन हंगामांतील घट सोसण्याची तयारी आधीच ठेवावी.